कुलमुखत्यार, पण पडद्याआडच्या इमामांचे : बोहरा समाजाचे सैयदना म्हणजे नेमके कोण?

सप्टेंबर 2018 मध्ये इंदूरच्या सैफी नगर परिसरात काही दिवस जणू दुसरेच एक शहर वसले होते. मोहरमच्या आरंभीच्या दिवसांतील प्रवचनांसाठी दाऊदी बोहरा समाजाचे त्रेपन्नावे दाई, म्हणजे धर्मप्रमुख, सैयदना मुफद्दल सैफुद्दीन, इंदुरात मुक्कामाला होते आणि त्यांना ऐकण्यासाठी देशोदेशींचे अनुयायी येथे जमले होते. सोनेरी काठाच्या पांढऱ्या टोप्या घातलेले पुरुष आणि रंगीत रिदा घातलेल्या स्त्रिया राजवाड्यापासून सराफ्यापर्यंत सगळीकडे दिसत होत्या. 14 सप्टेंबरला पंतप्रधान नरेंद्र मोदी सैफी मशिदीत आले, तेव्हा ज्यांनी बोहरी माणूस आजवर केवळ सियागंजातील दुकानदार म्हणून पाहिला होता, त्यांनाही या धर्मगुरूंविषयी कुतूहल वाटू लागले. त्याच सुमारास रामबागेतील आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी मला विचारले, ‘‘अहो, हे त्यांचे शंकराचार्य का?’’

प्रश्न साधा होता, पण उत्तर देताना मी अडखळलो. शंकराचार्यांना मान मोठा असला तरी आपल्या घरातले लग्न त्यांच्या परवानगीवाचून अडत नाही, मुलाचे नाव ठेवताना त्यांना कोणी विचारत नाही, आणि त्यांचे म्हणणे न पटल्यास आपल्याला स्मशानाची वाट बंद होत नाही. सैयदनांचे स्थान या सर्व बाबतींत वेगळे आहे. मात्र ते स्वतःला सर्वोच्च मानत नाहीत. ज्यांच्या नावाने ते हा सगळा अधिकार चालवतात, ती व्यक्ती निराळी आहे आणि गेली जवळजवळ नऊशे वर्षे ती कोणाच्या दृष्टीस पडलेली नाही. या पदाविषयीचे बाकी सर्व काही या एका गोष्टीतून उलगडत जाते, म्हणून तिथूनच सुरुवात केलेली बरी.

त्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. भारतातील सर्व मुसलमानांचा मिळून एक धर्मप्रमुख नाही आणि कधी नव्हताही. बहुसंख्य सुन्नी मुसलमानांमध्ये मौलाना असतात, मुफ्ती असतात, काझी असतात. पण मुफ्तीचा फतवा म्हणजे जाणकाराने दिलेले धर्मशास्त्रीय मत असते, आदेश नव्हे, आणि एका मुफ्तीचे मत पटले नाही तर माणूस दुसऱ्याकडे जाऊ शकतो. देवबंदचे दारुल उलूम 1866 पासून चालू आहे आणि त्याचा प्रभाव मोठा आहे, तरी देवबंदच्या आज्ञेने बरेलीचा माणूस चालत नाही. प्रार्थना सांगणाऱ्या इमामालाही मशिदीबाहेर फारशी सत्ता नसते. एकाच माणसाच्या शब्दावर संपूर्ण समाजाचे धार्मिक आणि बरेचसे लौकिक जीवन चालावे, ही बाब भारतीय मुसलमानांत अपवादाची आहे, आणि दाऊदी बोहरा हा त्या अपवादातील सर्वांत ठळक समाज आहे. त्यांची संख्या जगभरात सुमारे दहा लाख मानली जाते.

आता थोडा इतिहास, कारण त्यावाचून ‘दाई’ या शब्दाला अर्थ येत नाही. पैगंबरांनंतर नेतृत्वाचा अधिकार त्यांचे जावई अली आणि त्यांच्या वंशातील इमामांकडे जातो, असे शिया पंथ मानतो. 765 मध्ये इमाम जाफर सादिक वारले, तेव्हा त्यांच्यानंतर कोण, यावरून शियांमध्ये फूट पडली. त्यांचे पुत्र मूसा काझिम यांची परंपरा मानणारे पुढे बारा इमामांचे शिया झाले, आणि दुसरे पुत्र इस्माईल यांची परंपरा मानणारे इस्माईली झाले. या इस्माईली इमामांनी 909 मध्ये उत्तर आफ्रिकेत फातिमी खिलाफत स्थापली आणि 969 मध्ये इजिप्त जिंकून कैरो शहर वसवले. आज सुन्नी विद्येचे सर्वोच्च पीठ मानले जाणारे अल-अझहर मुळात या शिया खलिफांनी बांधले, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

1094 मध्ये इमाम मुस्तनसिर यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या दोन पुत्रांवरून पुन्हा दोन तट पडले. निझार यांची बाजू घेणारे ते आजचे खोजा, अर्थात आगाखानांचे अनुयायी. पुण्याच्या आगाखान पॅलेसमुळे हे नाव मराठी माणसाला परिचित आहे आणि म्हणूनच तो आगाखान व सैयदना यांची नेहमी गल्लत करतो. फरक असा, की आगाखान स्वतः इमाम असतात. त्यांचे इमाम डोळ्यांसमोर हजर आहेत. बोहरा मात्र निझार यांचे बंधू मुस्तअली यांच्या शाखेचे. या शाखेतील इमाम आमिर यांची 1130 मध्ये कैरोत हत्या झाली. त्यांचा मुलगा तय्यब तेव्हा तान्हा होता. आमिर यांच्या चुलतभावाने राज्य ताब्यात घेतले आणि पुढे स्वतःलाच इमाम म्हणवून घेतले. बोहरांच्या श्रद्धेनुसार तय्यब यांना सुरक्षित ठिकाणी नेण्यात आले आणि तेव्हापासून त्यांच्या वंशातील इमाम जगात सतत आहेत, परंतु पडद्याआड आहेत.

कैरोतील हा बदल येमेनच्या राणी अरवा यांनी मान्य केला नाही. फातिमी इमामांच्या बाजूने येमेनचा राज्यकारभार आणि धर्मप्रसार ही दोन्ही कामे त्या पाहत असत. एका स्त्रीने राज्य आणि धर्मकार्य दोन्ही निगुतीने सांभाळावे, यात अहिल्याबाईंच्या इंदुरात कोणाला नवल वाटणार नाही. बाराव्या शतकाच्या अरबी जगात मात्र ते फार दुर्मीळ होते. इमाम दिसत नाहीत, पण त्यांचे कार्य थांबता कामा नये, म्हणून इमामांच्या वतीने संपूर्ण अधिकार चालवणारे एक पद त्यांनी निर्माण केले. त्या पदावर आलेले पहिले गृहस्थ झोएब बिन मूसा. 1138 मध्ये राणी वारल्या, त्यांचे राज्य पुढे लयाला गेले. पण हे पद टिकले.

‘दाई’ म्हणजे बोलावणारा, हाक देणारा. ज्या धातूपासून हा शब्द आला, त्याच धातूपासून मराठीत रुळलेले ‘दावत’ आणि ‘दावा’ हे शब्द आले आहेत. बोहरा लोक आपल्या धर्मसंस्थेलाच ‘दावत’ म्हणतात, आणि दावे तर या पदावरून इतके झाले आहेत की त्यांचा विषय पुढे येणारच आहे. पदाच्या नावातील दुसरा शब्द ‘मुतलक’, म्हणजे मर्यादा नसलेला, संपूर्ण. हा शब्द मराठ्यांच्या इतिहासात आपण वाचलेला असतो. 1784 मध्ये महादजी शिंद्यांनी बादशहा शाह आलमकडून पेशव्यांच्या नावे ‘वकील-ए-मुतलक’ हे पद मिळवले, त्याचे नायब ते स्वतः झाले, आणि 1792 मध्ये त्याची वस्त्रे पुण्यात सवाई माधवरावांना समारंभपूर्वक दिली. तो मुतलक आणि हा मुतलक एकच. कोर्टकचेरीच्या मराठीत सांगायचे तर दाई अल-मुतलक हे इमामांचे कुलमुखत्यार आहेत.

येथे एक बारकावा आहे आणि माझ्या मते साऱ्या प्रकरणाची मेख तीच आहे. एखाद्याच्या मुखत्यारपत्राविषयी शंका आली, तर आपण मूळ मालकाकडे जाऊन विचारतो. मुखत्याराने मर्यादा ओलांडली, तर मालक ते पत्र रद्द करतो. पेशव्यांच्या हाती कितीही सत्ता गेली तरी छत्रपती साताऱ्यात होते, बादशहा कितीही दुबळा असला तरी दिल्लीत होता. दाईंच्या बाबतीत मालकाला विचारण्याची सोयच नाही. त्यामुळे मुखत्याराचा शब्द अनुयायांसाठी अंतिम ठरतो, आणि खरा मुखत्यार कोण असा वाद उपस्थित झाला, तर तो मिटवणारे त्या परंपरेच्या आत कोणीही उरत नाही.

हे पद सुमारे चारशे वर्षे येमेनमध्ये राहिले. दरम्यान गुजरातेत, विशेषतः खंभात आणि सिद्धपूरकडे, या पंथाचे अनुयायी वाढले. ते मुख्यतः व्यापारी होते. ‘वोहरा’ हा शब्दही व्यवहार, देवघेव यांच्याशी जोडला जातो, आणि पुण्याच्या रविवार पेठेतील बोहरी आळी पाहिलेल्याला ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. 1567 मध्ये दाईंची गादी येमेनहून अहमदाबादला आली. तिथे ती सुखात राहिली असे मात्र नाही. औरंगजेब गुजरातचा सुभेदार असताना, 1646 मध्ये, बत्तिसावे दाई कुतुबुद्दीन यांचा अहमदाबादेत शिरच्छेद करण्यात आला आणि समाज त्यांना आजही ‘शहीद’ म्हणून स्मरतो. पुढे गादी जामनगर, मांडवी अशी फिरत अठराव्या शतकात आपल्या माळव्यात आली. शिंद्यांनी उज्जैनला ठाणे केले होते, त्याच काळात दाईंचेही ठाणे उज्जैनला होते. तिथून ते बुऱ्हाणपूरला, मग सुरतेला आणि विसाव्या शतकात मुंबईला गेले. मुंबई-सुरतेशी जोडली गेलेली ही गादी एके काळी इंदूरपासून पंचावन्न-साठ किलोमीटरवर होती, हे इंदुरातही थोड्यांना माहीत असते.

गादीवर पुढे कोण बसणार, हे ठरवण्याच्या पद्धतीला ‘नस’ म्हणतात. विद्यमान दाई आपल्या हयातीत आपला वारस स्पष्टपणे नेमतात. निवडणूक नाही, विद्वानांची सभा नाही, थोरल्या मुलाचा हक्क नाही. वारस मुलगा असू शकतो, भाऊ असू शकतो, किंवा नात्याबाहेरचाही असू शकतो. अशा पद्धतीत अडचण कुठे येणार, हे दत्तकाच्या वारसाहक्कावरून झालेल्या लढाया वाचलेल्या मराठी वाचकाला लगेच कळेल. नेमणूक करणारा माणूस वारला, की नेमणूक झाली होती का, याचा पुरावा फक्त साक्षीदार आणि कागद.

असे वाद अनेकदा झाले आणि आज ‘बोहरा’ या एका शब्दाखाली जे निरनिराळे समाज दिसतात, ते या वादांतूनच निघालेले आहेत. सव्विसावे दाई वारल्यावर दाऊद बिन कुतुबशाह आणि येमेनमधील प्रतिनिधी सुलेमान बिन हसन या दोघांनीही आपणच वारस असल्याचे सांगितले. प्रकरण अकबराच्या दरबारापर्यंत गेले. भारतातील बहुतेकांनी दाऊद यांना मानले, ते दाऊदी. येमेनमधील बहुतेकांनी सुलेमान यांना मानले, ते सुलेमानी. भारतात सुलेमानी थोडे राहिले, पण त्या थोड्यांत मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी आणि गायकवाडांच्या बडोदे संस्थानाचे न्यायाधीश अब्बास तय्यबजी होते. पुढे 1621 च्या सुमारास आणखी एक फूट पडली आणि अली बिन इब्राहीम यांना मानणारे अलवी बोहरा वेगळे झाले. त्यांची गादी सतराव्या शतकाच्या अखेरीपासून वडोदऱ्यात आहे. समाज लहान, काही हजारांचा. पण दाई त्यांचे स्वतंत्र, ग्रंथसंग्रह स्वतंत्र. म्हणजे वडोदऱ्याचा मराठी माणूस ज्यांना सैयदना म्हणून ओळखतो ते, आणि इंदूरचा ज्यांना ओळखतो ते, वेगवेगळे असू शकतात.

आता दाईंची सत्ता रोजच्या जगण्यात कशी उतरते ते पाहू. वयात येणारा प्रत्येक बोहरा मुलगा आणि मुलगी ‘मिसाक’ घेते. मिसाक म्हणजे इमाम आणि त्यांचे दाई यांच्याशी निष्ठेचा करार, आणि दरवर्षी त्याची पुन्हा उजळणी होते. दाईंच्या खालोखाल ‘माझून’ आणि ‘मुकासिर’ ही दोन पदे असतात, तर गावोगाव दाईंचे प्रतिनिधी म्हणून ‘आमिल’ नेमलेले असतात. आपला ‘अंमल’, ‘अंमलदार’ आणि ‘मामलेदार’ हे शब्द याच आमिलाच्या गोतावळ्यातले आहेत आणि कामाचे स्वरूपही त्यावरून ओळखता येते. नमाज पढवणे, निकाह लावणे, अंत्यविधी, वर्गणी गोळा करणे, तंटे मिटवणे, मदतीची गरज कोणाला आहे ते पाहणे, हे सर्व आमिल करतो. मात्र स्वतःच्या अधिकाराने नव्हे, दाईंच्या परवानगीने. या परवानगीला ‘रझा’ म्हणतात. आपण कचेरीतून घेतो ती रजा आणि ही रझा मुळात एकच शब्द आहे. निकाहला रझा लागते, हजला जाताना रझा घेतात, नवा व्यवसाय सुरू करताना, घर घेताना रझा मागण्याची रीत आहे. बाहेरच्याला हे बंधन वाटते. बोहरा मित्राला विचारले तर तो म्हणेल की वडीलधाऱ्यांना विचारून काम केले की मनाला स्वस्थता असते. दोन्ही म्हणणी आपापल्या जागी खरी आहेत.

हे मित्र ज्या भाषेत बोलतात, तिला ते ‘लिसान-उद-दावत’ म्हणतात. ती मुळात गुजराती आहे, तिच्यात अरबी-फारसी शब्द मिसळले आहेत आणि ती अरबी लिपीत लिहितात. सैयदनांची प्रवचने, ज्यांना ‘वाज’ म्हणतात, याच भाषेत होतात. मोहरमच्या त्या दिवसांत बोहरी दुकानांना कुलूप असते, कारण सारे घर वाज ऐकायला गेलेले असते. जेवणाची त्यांची रीत तर पाहण्याजोगी. एका मोठ्या थाळाभोवती सात-आठ जण बसतात, चिमूटभर मीठ चाखून सुरुवात करतात, आधी गोड खातात आणि अन्नाचा कण टाकत नाहीत. एकाच ताटात श्रीमंत आणि गरीब जेवतो, याचे कौतुक आपल्या पंक्तीभेदाच्या आठवणी अजून ताज्या असलेल्या घरांनी करायला हरकत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या गल्लीतच दिसते. बोहरांची ईद बहुधा इतर मुसलमानांच्या एक-दोन दिवस आधी येते, आणि दरवर्षी कोणीतरी विचारते, की यांना चंद्र आधी कसा दिसला? त्यांना चंद्र पाहावाच लागत नाही. फातिमी काळापासून चालत आलेली ‘मिसरी’ कालगणना गणितावर चालते. वर्षातील विषम महिने तीस दिवसांचे, सम महिने एकोणतीस दिवसांचे, आणि तीस वर्षांच्या चक्रात अकरा वेळा शेवटच्या महिन्यात एक दिवस जास्त. रमजान नववा, म्हणून तो नेहमीच तीस दिवसांचा. आपल्या पंचांगकर्त्यांना ही पद्धत पटायला वेळ लागणार नाही.

एका दाईंचे आयुष्य जवळून पाहिले, तर हे पद विसाव्या शतकात कसे घडले ते कळते. बावन्नावे दाई सैयदना मोहम्मद बुऱ्हानुद्दीन 6 मार्च 1915 रोजी सुरतेत जन्मले, आणि त्याच वर्षी त्यांचे वडील सैयदना ताहेर सैफुद्दीन एक्कावन्नावे दाई झाले. वडिलांनी पन्नास वर्षे गादी सांभाळली, सुरतेची 1814 मध्ये सुरू झालेली पाठशाळा विस्तारून आजच्या अल-जामिया-तुस-सैफिया या विद्यापीठाच्या रूपास आणली, आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे ते कुलपतीही होते. 12 नोव्हेंबर 1965 रोजी माथेरानला त्यांचे देहावसान झाले. मुंबईच्या भेंडी बाजारातील त्यांची कबर ‘रौदत ताहेरा’ नावाने प्रसिद्ध आहे. तिच्या आतील संगमरवरी भिंतींवर संपूर्ण कुराण कोरलेले आहे.

पन्नाशीत गादीवर आलेल्या बुऱ्हानुद्दीन यांनी जवळजवळ अर्धशतक ती चालवली. त्यांच्या कारकिर्दीचे सूत्र असे सांगता येईल, की त्यांनी समाजाला फातिमी भूतकाळाकडे आणि आधुनिक साधनांकडे एकाच वेळी वळवले. एकीकडे कैरोतील पडझड झालेली अल-हाकिम मशीद त्यांनी दुरुस्त करवली आणि 1980 मध्ये ती पुन्हा खुली झाली. त्याच काळात पुरुषांना दाढी, सफेद पोशाख व टोपी आणि स्त्रियांना रिदा सक्तीचा झाला. आज आपण ज्या वेशावरून बोहरी माणूस ओळखतो, तो वेश सार्वत्रिक होऊन चार-पाच दशकेच झाली आहेत. जुन्या छायाचित्रांत सूट घातलेले बोहरी व्यापारी सर्रास दिसतात. व्याज घेणे-देणे टाळावे असा आदेश निघाला आणि बिनव्याजी कर्ज देणाऱ्या ‘कर्दन हसना’ संस्था उभ्या राहिल्या. दुसरीकडे मुला-मुलींच्या शाळा झाल्या, 2005 मध्ये मुंबईत नवे सैफी रुग्णालय झाले, भेंडी बाजारातील सुमारे साडेसोळा एकरांवरील जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाचे काम 2009 मध्ये हाती घेतले गेले, आणि घरोघरी रोज तयार जेवणाचा डबा पोहोचवणारी सामुदायिक स्वयंपाकघरे सुरू झाली. या डब्याचा हेतू कोणीही उपाशी झोपू नये हा होता. त्याचा एक परिणाम असाही झाला, की घरातील बाईचा स्वयंपाकातील वेळ वाचला.

17 जानेवारी 2014 रोजी, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, ते मुंबईत वारले. अंत्यदर्शनासाठी मलबार हिलवर लोटलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन अठरा जण मृत्युमुखी पडले. पुढच्या वर्षी सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मश्री दिली.

हे सगळे एका बाजूचे चित्र आहे. दुसरी बाजू सांगितल्यावाचून पदाचे वर्णन पुरे होणार नाही. ज्याच्या हाती रझा देणे आहे, त्याच्याच हाती ती नाकारणेही आहे. मिसाक मोडल्याचे ठरले, तर दाई त्या व्यक्तीला समाजाबाहेर काढू शकतात; याला ‘बराअत’ म्हणतात. बहिष्कृत माणसाला मशीद बंद, जमातखाना बंद, मुलांचे निकाह अडलेले, मृत्यूनंतर समाजाच्या कब्रस्तानात जागा नाही, आणि सख्ख्या भावानेही संबंध ठेवायचा नाही. जातपंचायतीने वाळीत टाकणे म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला याची धग कळेल.

त्यामुळे भारतीय न्यायालयांत या पदाची चर्चा शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. मुंबईच्या चांदाभाई गल्ला प्रकरणात 1921 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तेथील देणगीपेटीतील उत्पन्नाबाबत दाईंना विश्वस्त ठरवले, म्हणजे मालक नव्हे. बुऱ्हाणपूरच्या बहिष्काराचे प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. 1947 मध्ये तिने सांगितले की दाईंना बहिष्काराचा अधिकार आहे, पण तो वापरताना रीतसर पद्धत पाळायला हवी आणि या प्रकरणी ती पाळलेली नाही. त्यानंतर 1949 मध्ये मुंबई राज्याने बहिष्कारच बेकायदा ठरवणारा कायदा केला. त्याला सैयदना ताहेर सैफुद्दीन यांनी आव्हान दिले आणि 9 जानेवारी 1962 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो कायदा रद्द केला. धार्मिक कारणावरून बहिष्कृत करणे हा पंथाने आपला कारभार स्वतः चालवण्याचा भाग आहे आणि राज्यघटनेच्या कलम 26 ने त्याला संरक्षण दिले आहे, असे बहुमताचे म्हणणे. त्या बहुमतात आपले न्यायमूर्ती मुधोळकरही होते. विरोधी मत एकट्या सरन्यायाधीश सिन्हा यांचे होते. बहिष्काराने माणसाच्या नागरी हक्कांवर आणि प्रतिष्ठेवर घाला पडतो, म्हणून कायदा वैध आहे, असे त्यांनी लिहिले. मला स्वतःला सिन्हा यांचे म्हणणे अधिक पटते, कारण ज्या समाजात घर, व्यापार, नातेगोते आणि कब्रस्तान हे सर्व एकाच परवानगीला बांधलेले आहे, तिथे ‘फक्त धार्मिक’ असा बहिष्कार असूच शकत नाही.

1970 च्या दशकात उदयपूरमध्ये सुधारणावादी गटाने उघड विरोध केला. त्यांची मागणी इमाम किंवा दाई नाकारण्याची नव्हती. ‘सबील’, ‘वाजेबात’ अशा नावांनी जमा होणाऱ्या पैशांचा हिशेब द्यावा, आणि लौकिक व्यवहारांत रझेची सक्ती नसावी, एवढेच ते म्हणत होते. या चळवळीचे सर्वांत परिचित नाव म्हणजे असगर अली इंजिनियर. त्यांचे वडील आमिल होते. स्वतः त्यांनी आपल्या शेजारच्या विक्रम विद्यापीठाची अभियांत्रिकीची पदवी घेतली, मुंबई महापालिकेत नोकरी केली आणि बाकीचे आयुष्य इस्लामच्या अभ्यासात व या लढ्यात घालवले. 1962 च्या निकालाचा फेरविचार व्हावा, यासाठी सुधारणावाद्यांनी 1986 मध्ये अर्ज केला. फेब्रुवारी 2023 मध्ये तो प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवण्यात आला. मधल्या काळात महाराष्ट्राने 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. लहान मुलींवर केल्या जाणाऱ्या ‘खफ्झ’ या, जननेंद्रियाला छेद देण्याच्या, विधीवर बंदी घालावी, ही याचिकाही 2018 मध्ये मोठ्या पीठाकडे गेली. त्या विधीविरुद्ध सर्वांत आधी आणि सर्वांत स्पष्ट बोलल्या त्या बोहरा स्त्रियाच, हे येथे नोंदवायला हवे.

आणि शेवटी तो दावा, ज्यामुळे ‘नस’ हा शब्द वर्तमानपत्रांत आला. बुऱ्हानुद्दीन यांच्या मृत्यूनंतर त्यांचे दुसरे पुत्र मुफद्दल सैफुद्दीन गादीवर आले. जून 2011 मध्ये, वडील लंडनला रुग्णालयात असताना, आपल्यावर नस झाला आणि पुढे तो जाहीरही झाला, असे त्यांचे म्हणणे. बुऱ्हानुद्दीन यांचे सावत्र भाऊ आणि जवळजवळ पन्नास वर्षे माझून राहिलेले खुझैमा कुतुबुद्दीन यांनी सांगितले, की डिसेंबर 1965 मध्येच आपल्यावर खासगीत नस झाला होता आणि एकदा झालेला नस बदलता येत नाही. 2014 मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. 2016 मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांचे पुत्र ताहेर फखरुद्दीन यांनी दावा पुढे चालवला. 23 एप्रिल 2024 रोजी न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी दावा फेटाळला. हा निर्णय श्रद्धेवर नसून केवळ पुराव्यावर आहे, हे त्यांनी आवर्जून स्पष्ट केले. दुसरे काही त्यांना करता येणेही शक्य नव्हते. अकबराच्या दरबारात जो प्रश्न होता तोच हा होता, आणि ज्यांना विचारले असते तर एका वाक्यात निकाल लागला असता, ते इमाम साक्षीला बोलावता येण्यासारखे नव्हते.

रामबागेतील स्नेह्यांना मी हे सारे चार-पाच बैठकांत सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘मग हे इमाम परत प्रकट कधी व्हायचे?’’ मी तो प्रश्न बोहरा बाखलीतील माझ्या एका जुन्या परिचितांना जसाच्या तसा विचारला. ते हसले आणि म्हणाले, ‘‘तारीख नाही सांगितलेली. तोवर दाई आहेत ना.’’